वार बरोबर, साल २००५: एका टुरिस्ट गाडीच्या स्क्रीनचं प्रकरण

गाडी सात सीटर, डिझेल, २०१८ ची. मालक औसा तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले, गाडी स्वतःच चालवतात. २०२२ मध्ये त्यांनी ती पुण्याहून सेकंडहँड घेतली, पासिंग बदलून टुरिस्ट परमिट काढलं. सवाऱ्या बहुतेक देवदर्शनाच्या: तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ, नांदेडचा गुरुद्वारा, वेरूळ, आणि सुट्यांमध्ये शिर्डी-नाशिक. डॅशबोर्डवर कंपनीनेच बसवलेली टच स्क्रीन आहे. तिच्यात एसडी कार्डावर चालणारं नेव्हिगेशन, रिव्हर्स कॅमेरा आणि अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनवरचे नकाशे-गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय. लातूरला माझं ऑटो इलेक्ट्रिकल आणि कार ऑडिओचं दुकान आहे. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ही गाडी माझ्याकडे आली.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. "स्क्रीन अपडेट करून द्या" एवढंच सांगून लोक गाडी लावतात, दुकानदारही पेन ड्राइव्ह लावून मोकळा होतो, आणि मूळचं दुखणं तसंच राहतं. या एका गाडीत चार वेगवेगळी दुखणी एकाच वेळी सापडली. प्रत्येकाचा उगम वेगळा, इलाज वेगळा, आणि एकाला तर इलाजच नव्हता.

गाडीच्या मालकांना मी मामा म्हणतो; त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "भाऊ, गाडीला स्टार्टर मारला की स्क्रीन बंद पडून परत चालू व्हायली. फोन तर घेईनाच झाली. अन् रस्ता भलताच दाखवायली. समृद्धीवर गेलो की गाडी शेतात दाखवती अन् मागं फिरा, मागं फिरा म्हणती. सवाऱ्या घाबरायल्या ना राव."

सोबत मामांचा पुतण्या होता, कॉलेजात शिकणारा. त्याने एका टेलिग्राम ग्रुपवरून अपडेटची फाइल उतरवून पेन ड्राइव्हमध्ये आणली होती. गाडीने ती ओळखलीच नाही, म्हणून "स्क्रीन करप्ट झाली" असा निष्कर्ष त्याने काढला होता. त्याआधी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मामांनी "नवीन नकाशाचं कार्ड" अडीच हजाराला घेतलं होतं. ते घातलं की "कार्ड अवैध" असा संदेश यायचा. फोनच्या केबल तर त्यांनी बदलून बदलून बघितल्या होत्या.

आधी बॅटरी

अशा गाडीत मी सगळ्यात आधी मल्टिमीटर काढतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इथे १२.१ होते. स्टार्टर मारताना काटा नऊच्या खाली गेला. टर्मिनलवर पांढरी बुरशी साचलेली, आणि त्याच टर्मिनलवरून जास्तीचा हॉर्न आणि समोरच्या एलईडी लाइटची वायर परस्पर ओढलेली. स्टार्टर फिरताना व्होल्टेज एवढं खाली गेलं की स्क्रीनच्या आतला प्रोसेसर बंद पडून पुन्हा चालू होणार, हे ठरलेलं. म्हणजे पहिल्या तक्रारीचा सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नव्हता.

बॅटरी चार वर्षांच्या पुढे गेलेली होती, ती बदलली. टर्मिनल घासून साफ केले, जास्तीच्या वायरींना फ्यूज आणि रिले देऊन वेगळं केलं. इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट मिळाले. स्क्रीन बंद पडायची थांबली.

बॅटरीवर एवढं लिहिण्याचं कारण म्हणजे अशक्त बॅटरीवर अपडेट टाकणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका. अपडेट होताना आतल्या मेमरीतलं जुनं सॉफ्टवेअर पुसून नवं लिहिलं जातं. मध्येच वीज गेली तर ना जुनं राहतं ना नवं. मग स्क्रीन कंपनीत पाठवावी लागते किंवा बदलावी लागते, आणि तिच्यासोबत रिव्हर्स कॅमेराही जातो. टुरिस्ट गाडीला हा खर्च म्हणजे महिन्याची कमाई.

फोन का घेत नव्हती

दुसऱ्या तक्रारीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि हेच या प्रकरणाचं खरं पोट.

फोन लावला की अँड्रॉइड ऑटो चालू व्हायला बघायचं आणि "कम्युनिकेशन एरर ७" देऊन सोडायचं. केबल चांगली होती. माझ्या फोनलाही तेच झालं. म्हणजे मामांचा फोनही निर्दोष. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. वेळ मिनिटाला बरोबर होती. सेटिंगमध्ये जाऊन तारीख उघडली तर तिथे होतं: मंगळवार, १८ ऑक्टोबर २००५.

त्या दिवशी होता मंगळवार, ३ जून २०२५. वार बरोबर, वेळ बरोबर, साल वीसेक वर्षं मागे. असा घोळ कुणी बोटाने चुकीची तारीख टाकल्याने होत नाही. बॅटरी काढल्यावर घड्याळ शून्याला गेलं असतं तर वेळही चुकली असती. वार जुळतो आणि साल जुळत नाही याचा अर्थ तारीख पूर्ण आठवड्यांच्या हिशोबाने मागे गेली आहे. दोन्ही तारखांमधले दिवस मोजले तर ७१६८ भरतात. त्याला सातने भागलं की येतात बरोबर १०२४ आठवडे.

१०२४ हा आकडा जीपीएसचं काम करणाऱ्याला लगेच ओळखू येतो. जीपीएसचे उपग्रह जुन्या सिग्नलमध्ये तारीख पाठवतच नाहीत. ते पाठवतात आठवड्याचा क्रमांक आणि त्या आठवड्यातले किती सेकंद झाले ते. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली. आठवड्याच्या क्रमांकाला फक्त १० बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या दहाच जागा, दिलेल्या असल्यामुळे तो ० ते १०२३ एवढाच जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. असं पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये, आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. नव्या सिग्नलमध्ये हा क्रमांक १३ बिटांचा केलाय, त्यामुळे तिथे ही अडचण दीडशे वर्षं तरी येत नाही. पण रस्त्यावरच्या लाखो गाड्यांमधले रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांचा सिग्नल पकडणारे भाग, जुनाच सिग्नल वाचतात.

पुतण्याने इथे नेमका प्रश्न विचारला: "दादा, मग २०१९ लाच का नाही बिघडलं? आत्ताच का?" प्रश्न रास्त होता. रिसीव्हर बनवणारे एक युक्ती करतात. सॉफ्टवेअरमध्ये एक पायाभूत तारीख ठरवून ठेवतात आणि रिसीव्हरला सांगतात की यापूर्वीचा आठवडा असूच शकत नाही. त्या तारखेपासून पुढचे १०२४ आठवडे तो बिनचूक चालतो, ते संपले की थेट मागे उडी. म्हणजे प्रत्येक बनावटीच्या रिसीव्हरचा आपापला संपण्याचा दिवस असतो आणि तो उपग्रहांच्या २०१९ किंवा २०३८ शी जुळेलच असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या जुन्या गाड्यांची घड्याळं अनेक देशांत अचानक २००२ साल दाखवायला लागली होती, ती बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल. मामांच्या गाडीत हा दिवस २०२५ च्या उन्हाळ्यात उजाडला. "मागच्या महिन्यापर्यंत फोन झकास चालायला होता" हे त्यांचं म्हणणं त्यामुळे अगदी बरोबर होतं.

आता तारखेचा आणि फोनचा संबंध काय? अँड्रॉइड ऑटो सुरू होताना फोन आणि गाडी एकमेकांची ओळख पटवतात. दोघांकडे डिजिटल प्रमाणपत्रं असतात आणि प्रत्येकावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. गाडीच्या हिशोबाने साल २००५ असेल तर ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. गाडी ओळख नाकारते, फोन एरर देतो, आणि माणूस केबल विकत घ्यायला जातो.

हा अंदाज खरा की खोटा ते पैसे न घालवता तपासता येतं. सेटिंगमध्ये "जीपीएसवरून वेळ घ्या" हा पर्याय बंद केला आणि हाताने ३ जून २०२५ टाकलं. फोन लावला. पहिल्याच फटक्यात अँड्रॉइड ऑटो सुरू झालं. मामा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बघत बसले. नंतर गाडी बंद करून उघड्यावर नेली, पुन्हा चालू केली, उपग्रह सापडले, आणि साल परत २००५. या मॉडेलमध्ये तो बंद केलेला पर्याय किल्ली फिरवली की आपोआप चालू होत होता. त्यामुळे हाताने तारीख टाकणं हा कायमचा इलाज नव्हता. अपडेटची गरज आहे हे इथे सिद्ध झालं, आणि कशासाठी आहे तेही.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की फोन जोडला जात नसेल तर केबल घेण्याआधी गाडीची तारीख उघडून बघा. फक्त वेळ बघू नका, साल बघा. वेळ बरोबर दिसते म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

फाइल, पेन ड्राइव्ह आणि नाव

पुतण्याने आणलेली फाइल मी वापरली नाही. अनोळखी ग्रुपवरची फाइल गाडीत घालू नये याला माझ्याकडे ठोस कारण आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी चालत्या जीप चेरोकीच्या इन्फोटेन्मेंट सिस्टिममधून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्क्रीनच्या यंत्रणेतून, दुरून शिरकाव करून गाडीच्या यंत्रणांपर्यंत पोहोचून दाखवलं. जीप बनवणाऱ्या क्रायस्लरला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि दुरुस्तीचं सॉफ्टवेअर मालकांना पेन ड्राइव्हवर टपालाने पाठवलं गेलं. डॅशबोर्डवरची स्क्रीन गाडीच्या बाकीच्या जाळ्याशी जोडलेली असते. तिच्यात काय जातं याला महत्त्व आहे.

योग्य रीत अशी. सेटिंगमध्ये "सिस्टिम माहिती" उघडून सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक आणि स्क्रीनचा पार्ट नंबर लिहून घ्यायचा. मॉडेल एकच असलं तरी वेगवेगळ्या वर्षांत वेगळी स्क्रीन बसवलेली असू शकते, म्हणून गाडीचं नाव पुरत नाही. मग कंपनीच्या अधिकृत ठिकाणी चेसिस नंबर टाकून फाइल घ्यायची. मामांची आवृत्ती इतकी जुनी होती की शेवटच्या आवृत्तीवर थेट उडी मारता येत नव्हती, आधी मधली टाकावी लागणार होती. शेवटच्या आवृत्तीच्या माहितीत बारीक अक्षरांत एक ओळ होती: जीपीएस तारखेची दुरुस्ती. आम्हाला हवी होती ती हीच.

पुतण्याचा पेन ड्राइव्ह गाडीने का ओळखला नाही, तेही त्याच्यासमोरच उलगडलं. एक तर ड्राइव्ह ६४ जीबीचा आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला. एनटीएफएस आणि फॅट३२ या ड्राइव्हवर फाइली मांडायच्या दोन वेगळ्या पद्धती; या काळातल्या बहुतेक स्क्रीन फॅट३२ वाचतात. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय येत नाही, म्हणून पोरं दिसेल ते निवडतात. १६ किंवा ३२ जीबीचा साधा ड्राइव्ह घेतला की प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे झिप उघडल्यावर तयार झालेला फोल्डर त्याने फोल्डरसकट टाकला होता. फाइल ड्राइव्हच्या पहिल्याच पायरीवर, कुठल्याही फोल्डरबाहेर असावी लागते. आणि तिसरं, फाइल दोनदा डाउनलोड झाल्यामुळे संगणकाने तिच्या नावापुढे कंसात १ लावला होता. माणसाला ती तीच फाइल वाटते. गाडी मात्र ठरलेलं नाव अक्षरशः जुळवून बघते आणि जुळलं नाही तर काहीच न बोलता पुढे जाते.

नाव हा प्रकार या यंत्रांना किती लागतो याचं उदाहरण माझ्दाच्या गाड्यांचं आहे. २०२२ च्या सुरुवातीला सिएटलच्या एका रेडिओ स्टेशनने प्रसारणासोबत चित्रांच्या काही फाइल पाठवल्या, ज्यांच्या नावाला एक्स्टेन्शनच, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं शेवटचं शेपूटच, नव्हतं. तेवढ्याने २०१४ ते २०१७ च्या माझ्दा गाड्यांच्या स्क्रीन पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिल्या आणि स्टेशन बदलणंही अशक्य झालं. बिनएक्स्टेन्शनची फाइल आली तर काय करायचं, हे त्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रत्यक्ष अपडेट

गाडी दुकानाच्या शेडमध्ये न घेता बाहेर लिंबाखाली लावली. इंजिन चालू ठेवायचं असेल तर बंद शेड नको, धुराने माणूस गुदमरतो. एसी, लाइट, जास्तीचं सगळं बंद. बॅटरीला चार्जरही लावला. फक्त किल्ली अर्धी फिरवून हे काम करू नये, कारण काही गाड्या ठरावीक वेळाने वीज आपणहून तोडतात.

मधली आवृत्ती सुरळीत गेली. शेवटची टाकताना पट्टी ६८ टक्क्यांवर येऊन थांबली. मिनिटं जात होती, आकडा हलत नव्हता. मग स्क्रीन पूर्ण काळी झाली. मामांचा हात किल्लीकडे गेला, तो मी धरला. "मामा, आता हात नका लावू. जळालं तरी जळू द्या." याच क्षणी सगळ्यात जास्त स्क्रीन मरतात. अपडेटच्या मध्ये यंत्र स्वतःला बंद करून पुन्हा उठवतं, मोठ्या फाइलला एकाच आकड्यावर बराच वेळ लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं अडकलं. लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ थांबायची तयारी नसेल तर अपडेट सुरूच करू नये. काळ्या स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं, पट्टी पुन्हा सुरू झाली, शंभरला पोहोचली.

आवृत्ती बदलली, पण साल अजून २००५ च होतं. पुतण्या हिरमुसला. खरं तर यात काही चुकलेलं नव्हतं. झाडाखाली आणि शेजारच्या पत्र्याच्या आडोशाला रिसीव्हरला पुरेसे उपग्रह दिसत नव्हते, म्हणून तो जुनीच नोंद दाखवत होता. गाडी मोकळ्यावर नेऊन उभी केली. उपग्रहाचा पूर्ण संदेश एकदा प्रसारित व्हायलाच साडेबारा मिनिटं लागतात, त्यामुळे नव्याने सुरू झालेल्या रिसीव्हरला घाई करून उपयोग नसतो. थोड्या वेळाने तारीख हलली: ३ जून २०२५. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तारीख टिकली. फोन लावला, अँड्रॉइड ऑटो आलं.

नकाशा मात्र तसाच

मामांना वाटलं, आता समृद्धी दिसेल. दिसली नाही. सिस्टिमचं सॉफ्टवेअर आणि नकाशा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सॉफ्टवेअर स्क्रीनच्या आतल्या मेमरीत, नकाशा एसडी कार्डावर. एक नवं केलं म्हणून दुसरं नवं होत नाही. ही गोष्ट शोरूमवालेसुद्धा गिऱ्हाइकाला नीट सांगत नाहीत याचा मला राग येतो, कारण माणूस अपडेटचे पैसे देऊन त्याच जुन्या रस्त्यावर गाडी घालतो.

कार्डावरचा नकाशा २०१७ च्या सुमाराचा. त्याच्यावर आजही धुळे-सोलापूर रस्त्याला २११ असा क्रमांक दिसतो. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्याने ठरले, त्यात तो ५२ झाला, पाट्याही कधीच बदलल्या. लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा करत संभाजीनगरकडे निघालं की हा नकाशा गाडी बीड शहरातून घालतो, बायपास त्याला ठाऊक नाही. शोधात धाराशिव किंवा छत्रपती संभाजीनगर टाकलं तर काहीच येत नाही. ही नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली. मामा मुकाट्याने जुनी नावं टाकून काम भागवत होते.

समृद्धीवर गाडी शेतात का दिसते तेही समजून घेण्यासारखं आहे. नेव्हिगेशन आधी जीपीएसवरून ठिकाण काढतं आणि मग ते जवळच्या ज्ञात रस्त्यावर चिकटवतं. नकाशात महामार्गच नसेल तर बाण मोकळ्या रानात तरंगतो. शेजारून एखादा गावरस्ता समांतर गेला की बाण त्याच्यावर जाऊन बसतो आणि "पुढे उजवीकडे वळा" असं सांगतो. चालकाच्या समोर असतो १२० च्या वेगाचा, दुभाजकाचा, कुंपण घातलेला रस्ता. नवख्या माणसाने त्या आवाजावर क्षणभर जरी ब्रेक दाबला तरी मागून येणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

मग नवा नकाशा घेता येईल का? अडीच हजाराचं ते कार्ड निव्वळ फसवणूक होती. प्रत्येक एसडी कार्डात कारखान्यातच कोरलेला एक ओळख क्रमांक असतो, तो नक्कल करताना सोबत जात नाही. गाडी नकाशाची परवानगी त्या क्रमांकाशी जुळवते. फाइल शंभर टक्के तीच असली तरी कार्ड दुसरं असेल तर ती नाकारते. मूळ कार्ड मामांनी कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये जपून ठेवलं होतं, हे फार बरं केलं. ते परत घातलं.

अधिकृत नकाशाची चौकशी केली तेव्हा कळलं की या स्क्रीनसाठी कंपनीने शेवटचा नकाशा २०२१ मध्ये काढला आणि त्यानंतर बंद केला. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला ११ डिसेंबर २०२२ ला. म्हणजे काही हजार मोजून बीडचा बायपास मिळाला असता, समृद्धी नाही. आणि गंमत बघा, गाडी दुकानात होती त्याच आठवड्यात, ५ जूनला, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कार्डावरचा कुठलाच नकाशा या वेगाला पुरा पडत नाही. सर्वेक्षण, पडताळणी, गाडीवर चाचणी, मग प्रकाशन, असा त्याचा प्रवास असतो.

मी मामांना नकाशा विकत घेऊ नका असं सांगितलं. फोन आता जोडला जातोय, तर रस्ता फोनवरूनच घ्या. मामांनी ते मानलं. मराठी आवाज लावून दिला, नवी नावं चालतात हे दाखवलं, आणि मराठवाड्यासह शिर्डी-नाशिकपर्यंतचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवला, कारण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात नेटवर्क अधूनमधून जातंच. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, तो वायफायवर ताजा करत राहावा लागतो, हे पुतण्याच्या गळ्यात घातलं. फोन काचेपाशी न ठेवता एसीच्या झोताजवळ ठेवायचा, कारण एप्रिल-मेच्या उन्हात तो तापून मधेच बंद पडतो. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही.

जुनं नेव्हिगेशन काढून मात्र टाकलं नाही. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. गाडीतलं नेव्हिगेशन चाकाच्या वेगाचा सिग्नल आणि आतला जायरो, म्हणजे गाडी किती वळली ते ओळखणारा सेन्सर, वापरतं, त्यामुळे जीपीएस तुटलं तरी काही अंतर बाण बरोबर चालतो. कसाऱ्याजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात हे कामी आलं असतं, पण त्यासाठी नकाशात बोगदा असायला हवा. परळी-औंढा-नांदेडच्या जुन्या रस्त्यांवर फोन संपला तर ते अजूनही उपयोगी आहे.

पुढची चौकशी

पावसाळ्यात मामा सर्व्हिसिंगला आले तेव्हा स्क्रीनची तक्रार नव्हती. तारीख टिकून होती. फोनच्या नकाशाची वेगळी तक्रार होती: दोन किलोमीटर वाचवायला त्याने गाडी पांदण रस्त्याला घातली आणि काळ्या मातीत चाकं रुतली, ट्रॅक्टर लावून काढावी लागली. तिथून त्यांनी नियम केला की डांबर संपलं की नकाशा बंद आणि माणसाला विचारायचं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव, बीड, लातूरमधले कित्येक पूल पाण्याखाली होते आणि फोन तेच रस्ते मोकळे दाखवत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी रामगंगेत कोसळून तीन माणसं गेली, ती गाडीही नकाशाच्या भरवशावर निघालेली होती. मी ती घटना मामांना जूनमध्येच सांगितली होती, पण पांदणीत रुतल्यावर ती त्यांना जास्त पटली.

दिवाळीनंतर त्यांनी अहमदपूरच्या एका ओळखीच्या चालकाला माझ्याकडे पाठवलं. तेच मॉडेल, तोच "एरर ७", तारखेत वार बरोबर आणि साल मागे. पण त्याच्या स्क्रीनचा पार्ट नंबर वेगळा निघाला, त्यामुळे मामांच्या गाडीची फाइल त्याला चालणार नाही. त्याची बॅटरीही १२ व्होल्टच्या खाली आहे, ती आधी चार्जिंगला लावली आहे.